काचेची टाकी : आधी गारवा, मग बयाणा

शोभेचे मासे ठेवणाऱ्या दुकानात अलीकडे मुले अ‍ॅक्सोलॉटल मागतात. हा मासा नव्हे. पाण्यात राहणारा, डोक्यामागे झालरीसारखे कल्ले असलेला वीतभर सॅलॅमँडर आहे. त्याची टाकी करून देणे काच कारागिराला अवघड नाही. अवघड आहे तो गारवा.

प्रथम टाकी. एका प्राण्यासाठी ३ फूट लांब, सव्वा फूट रुंद व १ फूट उंच टाकी घ्यावी. ६ एमएम काचेचे पाच तुकडे लागतात : तळ ३६ × १५ इंच, पुढची-मागची काच ३६ × १२ आणि बाजूच्या दोन १४½ × १२. चारही भिंती तळावर उभ्या कराव्यात. बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसतात. कडा घासून घ्याव्यात. सिलिकॉन मत्स्यटाकीचेच वापरावे. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते प्राण्याला घातक ठरते. दोन दिवस वाळू द्यावे, मग पाणी भरून एक दिवस गळती पाहावी.

टाकीत सुमारे ९० लिटर पाणी मावते. काचेसह वजन ११० किलोच्या आसपास जाते. स्टँड बनवणाऱ्याने दीडशे किलोचा हिशेब धरावा व टाकीखाली थर्माकोल घालावा.

तळाशी खडे नकोत. हा प्राणी ते गिळतो. लपायला मातीचा रुंद पाइप, वर जाळीचे झाकण आणि संथ चालणारा स्पंज फिल्टर पुरे. पाण्यातील क्लोरीन काढावे. प्राणी आणण्यापूर्वी चार ते सहा आठवडे टाकी पिकवावी. अमोनिया व नायट्राइट शून्य आले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. या प्राण्याचे मूळ घर मेक्सिको शहराजवळील सोचिमिल्कोचे कालवे. ती जागा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच, म्हणून पाणी थंड. त्याला १६ ते १८ अंश मानवते. २४ च्या वर तो आजारी पडतो. खानदेशात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि घरातल्या टाकीचे पाणीही तिशीच्या घरात जाते. पंख्याने ते काही अंश उतरते, पण मे महिन्यात तेवढे पुरत नाही. पाणी थंड करणारे चिलर यंत्र आणि वीज गेल्यावर त्याची सोय, दोन्ही हवे.

कायदाही पाहावा. अ‍ॅक्सोलॉटल 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला शासनाकडे नोंद करावी लागते.

म्हणून बयाणा घेण्यापूर्वीच गिऱ्हाइकाला विचारा : चिलर घेणार का? नोंद करणार का? उत्तर नाही असेल, तर त्याच टाकीत गप्पी किंवा मॉली सुचवा. हे मासे आपल्याकडचे ऊन बऱ्यापैकी सोसतात. टाकीची विक्री बुडत नाही, मुलाच्या डोळ्यांदेखत प्राणी मरत नाही, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढते.