काळ्या पाषाणाच्या प्रदेशात जमीन का खचते?

20 सप्टेंबर 2024 रोजी पुण्यात बुधवार पेठेतील सिटी पोस्टाच्या आवारात महानगरपालिकेचा ड्रेनेज सफाईचा ट्रक अचानक जमिनीत गेला. फरशीचे ठोकळे खचले आणि ट्रक मागच्या बाजूने खड्ड्यात उतरला. चालक सुखरूप बाहेर आला. ट्रक मात्र क्रेनने काढावा लागला. त्या जागी पूर्वी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले.

घटना शहरातील असली तरी तिचे कारण शेतकरी बंधूंच्या अंगणातले आहे.

आपोआप खड्डे पडणारे प्रदेश बहुधा चुनखडकाचे असतात. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते आणि खडक हळूहळू विरघळवते. आत पोकळी वाढते व एक दिवस तिचे छत कोसळते. अमेरिकेतील फ्लोरिडात असे घडते. तुर्कस्तानच्या कोन्या मैदानात तर पिकांसाठी झालेल्या बेसुमार उपशाने भूजल खाली गेले, पोकळ्यांना असलेला पाण्याचा आधार सुटला आणि चालू शेतांत मोठाले खड्डे पडले.

पुण्याखाली चुनखडक नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे. तो असा विरघळत नाही. कुजून त्याचा मुरूम व माती होते. आपल्या शेतात चुनखडीचे खडे लागतात म्हणून घाबरू नये. ते मातीत साचलेले क्षार आहेत, खालचा खडक नव्हे. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो मुख्यतः वणी, राजुरा, कोरपना भागात. तेथील सिमेंट कारखाने त्याच्याच जोरावर चालतात.

तेव्हा आपल्याकडे पोकळी सहसा माणसाने केलेली असते. जुन्या पुण्यात आड, विहिरी पुष्कळ होत्या. पेशवाईत कात्रजच्या तलावातून बांधीव भुयारी नळाने शहरातील हौदांत पाणी येई. वर रस्ते, वाडे, इमारती होत गेल्या. अशा झाकलेल्या पोकळीवरची माती कोरडी असेपर्यंत कमानीसारखी तग धरते. पाऊस मुरला किंवा नळ गळू लागला की माती भिजून जड होते, कणाकणाने खाली वाहते आणि कमान तुटते. वर फरशी असेल तर काहीच दिसत नाही.

शेतात हेच बुजवलेल्या विहिरीचे होते. बोअर घेतल्यावर जुनी विहीर पाचट, काटक्या, कचरा टाकून बुजवण्याची पद्धत फार वाईट. ते कुजते, बसते आणि पोकळी राहते. शिवाय शेजाऱ्याचे पाणी नासते ते वेगळेच. तळाशी दगड, त्यावर मुरूम फूटभराच्या थराने घालून प्रत्येक थर पाणी मारून धुमसावा. काळी माती आत भरू नये, ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मात्र वरच्या दोन फुटांत तिचा उंचवटा करावा, म्हणजे पाणी मुरण्याऐवजी बाहेर वाहील. पहिल्या दोन पावसाळ्यांत भर बसतेच, तेवढी पुन्हा घालावी. तोवर त्यावरून ट्रॅक्टर नेऊ नये, ठिबकची मुख्य नळीही टाकू नये. जमीन विकत घेताना जुन्या विहिरीची जागा गावातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावी. गोल आकाराची भेग किंवा बशीसारखा खोलगट भाग दिसला, तर आधी कुंपण घालावे आणि मगच जवळ जाऊन पाहावे.