अंबत्तूर ते मरिना : श्रमाच्या खुणा

एखाद्या शहराचा भूतकाळ जाणून घ्यायचा असेल, तर तेथील स्मारके पाहावीत, तशीच तेथील ठिकाणांची नावेही कान देऊन ऐकावीत. या पाठात आपण चेन्नईच्या पश्चिमेकडील अंबत्तूर या उपनगरापासून मरिना समुद्रकिनाऱ्यापर्यंत अशा काही खुणांचा मागोवा घेणार आहोत.

अंबत्तूर हे मूळचे तलावाकाठचे, भातशेतीचे गाव. त्याच्या दक्षिणेकडून कूवम नदी वाहत शहराकडे जाते. 1856 साली मद्रासहून पश्चिमेकडे निघालेली आगगाडी याच बाजूने गेली. स्वातंत्र्यानंतर येथे कारखाने आले : 1949 मध्ये टी. आय. सायकल्स, 1959 मध्ये डनलॉपचा टायरचा कारखाना आणि 1964 मध्ये सुमारे 1300 एकरांवर पसरलेली लघुउद्योगांची शासकीय वसाहत. हर्क्युलिस आणि बी. एस. ए. या सायकली ज्यांच्या घरी होत्या, त्यांच्या अंगणात अंबत्तूर नकळत येऊन पोहोचलेच होते. 2011 साली हे गाव चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. वसाहतीतील काही भूखंडांवर आता यंत्रशाळांच्या जागी संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात. डनलॉपचा कारखाना वारंवार बंद पडत अखेर थांबला. पण बसथांब्याला लोक अजून ‘डनलॉप’ म्हणतात. ही खूण कोणी समारंभाने उभारलेली नाही. रोज तिकीट मागणाऱ्या प्रवाशांच्या तोंडी ती टिकून राहिली आहे.

याच लोहमार्गाने पूर्वेकडे गेले की पेरांबूर लागते. या परिसरात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापडगिरण्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात त्या सुरू झाल्या आणि 1920 साली एक झाल्या. गिरणीजवळच्या सेल्वपती चेट्टियार या कापडव्यापाऱ्याच्या दुकानात कामगार आपली गाऱ्हाणी सांगत असत. दुपारच्या जेवणाची सुट्टी इतकी अपुरी असे, की घास धड गिळता येत नसे. चेट्टियारांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बी. पी. वाडिया यांना साद घातली. वाडिया हे मुंबईचे पारशी गृहस्थ, ॲनी बेझंट यांचे सहकारी. 27 एप्रिल 1918 रोजी ‘मद्रास लेबर युनियन’ स्थापन झाली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्येच गिरणी कामगारांना एकत्र आणले होते. मात्र नियमित वर्गणी आणि सभासदत्व असलेली भारतातील पहिली संघटित कामगार संघटना म्हणून मद्रासच्या या संघटनेचा उल्लेख होतो. 1921 च्या दीर्घ संपात पोलिसांच्या गोळीबाराने कामगारांचे बळी गेले. पुढे 1996 साली ही गिरणी बंद झाली. संघटनेचे एक नेते, तमिळ साहित्यिक तिरु. वि. कल्याणसुंदरम यांचे नाव ‘तिरु. वि. क. नगर’ या वस्तीला आहे. त्या पत्त्यावर पत्र लिहिणाऱ्या किती जणांना संप आठवत असेल?

कूवम नदी समुद्राला मिळते त्या नेपियर पुलापासून जवळच, मरिनावर, ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे. मद्रासच्या कलाशाळेचे प्राचार्य देवीप्रसाद रायचौधुरी यांनी घडविलेले हे शिल्प 1959 च्या जानेवारीत बसविण्यात आले. चार पुरुष एक प्रचंड खडक हलवीत आहेत. ताणलेल्या स्नायूंवरून दृष्टी हटत नाही. याच शहराच्या समुद्रकिनाऱ्यावर 1 मे 1923 रोजी सिंगारवेलर यांनी भारतातील पहिला कामगार दिन साजरा केला होता.

शिल्प भव्य आहे, यात शंका नाही. तरीही ते चौघे कोणत्या गिरणीतले, कोणत्या संपातले, हे ते सांगत नाही. त्यांना नाव नाही, म्हणून प्रत्येक श्रमिक त्यांच्यात स्वतःला पाहू शकतो. आणि त्याच कारणाने पेरांबूरचा गोळीबार त्यांच्याकडे पाहून कोणाला आठवत नाही. उलट ‘डनलॉप’ हा थांबा दिसायला काहीच नाही, पण कारखाना नेमका कोठे होता ते तो दाखवितो.

उपक्रम : तुमच्या परिसरातील बंद पडलेल्या एखाद्या गिरणीचे, कारखान्याचे किंवा बाजाराचे नाव आज कोणत्या थांब्याला, गल्लीला वा चौकाला आहे, ते शोधा. तेथे काम केलेल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलून दहा ओळींत माहिती लिहा.