गॅरेजला जाण्याआधी: पिकअपचा क्लच, गिअर आणि ब्रेक कसा ओळखावा

ताईंनो, ज्या गटांकडे भाजी, दूध, मसाले बाजारात न्यायला जुनी पिकअप आहे, त्यांच्यासाठी हा धडा. गाडी अडली की "क्लच गेला" असं कुणीतरी म्हणतं आणि आपण बचतीतून पैसे काढून देतो. दोष नेमका कुठे आहे हे आधी पाहिलं, तर गटाचा पैसा वाचतो. ब्रेकच्या बाबतीत तर जीव वाचतो. गाडी ड्रायव्हर चालवत असला, तरी या खुणा आपल्यालाही माहीत हव्यात.

क्लच घसरतोय का?

भरलेली गाडी चढाला लागली की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही, जळका वास येतो. म्हणजे क्लच घसरतोय. आधी क्लचचं पेडल हाताने दाबून बघा. सुरुवातीला ते थोडं मोकळं हललं पाहिजे. अजिबात मोकळं नसेल, तर कधी कधी नुसत्या सेटिंगने भागतं. सेटिंग बरोबर असूनही घसरत असेल, तर बहुतेक क्लच प्लेट झिजली आहे.

गिअर पडत नाही?

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा.

• बंद गाडीत सहज पडतात, चालू गाडीत करकरतात: क्लच पूर्ण सुटत नाही. केबल ढिली झाली का बघा. ऑइलवर चालणारा क्लच असेल तर डबीतलं ऑइल आणि गळती बघा. गिअरबॉक्स उघडायची घाई नको.
• बंद गाडीतही अडतात: गिअर दांड्याची जोडणी किंवा गिअरबॉक्स तपासायला सांगा.
• एकच गिअर करकरतो: दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये, त्याच गिअरपाशी.

ब्रेक: इथे चालढकल नको

• पेडल स्पंजसारखं मऊ लागतं: ऑइलच्या नळीत हवा शिरली असेल.
• दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं: गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर खराब आहे.
• दोन-तीनदा मारल्यावरच ब्रेक लागतो: लायनर झिजले किंवा सेटिंग ढिलं.
• गाडी एका बाजूला ओढते: आधी टायरची हवा बघा, मग दोन्ही बाजूंच्या चाकांचे ब्रेक.
• लोखंड घासल्यासारखा आवाज येतो: लायनर संपले.

यातलं काहीही दिसलं, तर माल भरू नका, कुणाला बसवू नका. पेडल खाली जात असेल तर गाडी हलवूच नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा. ब्रेक ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने आतले रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

मिस्त्रीला काय सांगाल?

"क्लच बदला" म्हणू नका. काय होतं आणि कधी होतं ते सांगा: "चालू गाडीत पहिला गिअर करकरतो, बंद केल्यावर सहज पडतो." काढलेला जुना भाग परत मागा, बिल घ्या आणि गाडीच्या वहीत तारखेसह लिहा.

पुढच्या बैठकीत करा: सगळ्याजणी गाडीजवळ जमा, डबीतलं ब्रेक ऑइल बघा आणि गिअरची परीक्षा एकेकीने करून पाहा.