चहाने अंडाशयाचा कर्करोग टळतो का?

प्रश्न : रोज दोन कप चहा घेतला तर अंडाशयाचा कर्करोग होत नाही, हे खरे का?

उत्तर : या समजामागे २००५ साली प्रसिद्ध झालेला स्वीडनमधला अभ्यास आहे. त्यात ६१,०५७ स्त्रियांची सरासरी पंधरा वर्षे नोंद ठेवली गेली. रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांत धोका ४६ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र एकूण रुग्ण ३०१च होते आणि चहा पिणाऱ्यांचा आहार, वजन, राहणीही वेगळी असू शकते. ‘संशोधक असे फरक हिशेबात धरतातच की,’ असे कोणी म्हणेल. तरीही निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. चहा आवडीने घ्या, औषध म्हणून नको. पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवीला लागणे ही या कर्करोगाची लक्षणे असू शकतात; ती काही आठवडे टिकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच.