नावातला अपॉस्ट्रॉफी आणि डेटाबेस

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये रोमन लिपीत, डीनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन ‘डी'सोझा’ शोधलं की एरर यायची. प्रोग्रॅमरने कोडमध्ये प्रत्येक अपॉस्ट्रॉफी दुहेरी करून घेतला, एरर थांबली. एवढं पुरे का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. त्या एररने तुम्हाला वेळीच सावध केलं होतं. तुमच्या कोडमध्ये क्वेरीचा मजकूर आणि टाइप केलेलं नाव एकाला एक चिकटवले जात असणार. डीनंतरच्या अपॉस्ट्रॉफीपाशी नाव संपलं असं डेटाबेसने धरलं आणि उरलेलं ‘सोझा’ तो हुकूम म्हणून वाचू लागला. असा हुकूम नाही, म्हणून तो अडला. त्या जागी कुणी खरा हुकूम लिहिला, तर तो मुकाट पाळला जाईल. हेच एसक्यूएल इंजेक्शन.

आता खातेक्रमांकाचा रकाना बघा. क्वेरीत आकड्याभोवती अवतरणचिन्हं बहुधा नसतात. तिथे कुणी ‘105 ऑर 1=1’ असं टाकलं, तर दुहेरी करायला अपॉस्ट्रॉफीच नाही. 1=1 नेहमीच खरं, त्यामुळे एका खात्याऐवजी सगळ्या सभासदांची खाती पडद्यावर येतील.

यावर खात्रीचा उपाय पॅरामीटराइज्ड क्वेरीचा. क्वेरीत नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह लिहायचं : व्हेअर आडनाव = ?. डेटाबेस आधी ही क्वेरी वाचून तिचा अर्थ पक्का करतो. नाव त्याला मागाहून, वेगळं दिलं जातं. तोवर हुकूम ठरलेला असतो. नावात काहीही असो, ते नावच राहतं. जावा, पीएचपी, पायथन, सगळीकडे ही सोय वर्षानुवर्षं आहे. ती न वापरण्याला खरंच काही कारण उरलेलं नाही.

एक मेख मात्र आहे. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्रश्नचिन्हातून देता येत नाही. यादी कशानुसार लावायची हे वापरणारा निवडत असेल, तर परवानगी असलेल्या कॉलमांची नावं कोडमध्येच लिहून ठेवा आणि त्यांतलंच एक घ्या.

जुनी पानंही तपासायला सांगा. ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीवर 2015 साली असाच हल्ला झाला, तो विकत घेतलेल्या दुसऱ्या कंपनीकडून आलेल्या जुन्या वेबपानांतून. दीड लाखावर ग्राहकांची माहिती गेली आणि 2016 मध्ये चार लाख पौंडांचा दंड झाला. तुमच्याकडे शोध, लॉगिन, अहवाल, जिथे जिथे क्वेरी अशी चिकटवून तयार होते, ती प्रत्येक जागा बदलून घ्या.