बिननावाचं पार्टिशन

माझं नेटबुक अजून चालतं, हे आधी सांगून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की या माणसाचं त्या मशीनशी काही वैर आहे. तसं नाही. 2011 च्या उन्हाळ्यात साडेपंधरा हजार रुपये मोजून नांदेडहून आणलेल्या त्या सव्वा किलोच्या मशीनवर माझं घर चार-पाच वर्षं चाललं. पण त्याच मशीनमध्ये मी एका बाईंचं दोन वर्षांचं काम घालवलं. ज्या चुकीमुळे ते गेलं, ती अहमदपुरात आजही कुणी ना कुणी करतच असतं. म्हणून हे लिहायला बसलो.

तेव्हा मी मराठी टायपिंगची कामं घ्यायचो. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात एम.फिल., पीएच.डी. करणारे शिक्षक-प्राध्यापक आमच्या तालुक्यात बरेच. हाताने लिहिलेली प्रकरणं ते आणून द्यायचे, मी टाइप करायचो, गाइडनी सांगितलेल्या दुरुस्त्या करायचो, प्रिंट काढून द्यायचो. घरी मोठा कॉम्प्युटर होता, पण भारनियमन सुरू झालं की तो नुसता ठोकळा. यूपीएस दहा मिनिटं तग धरायचा आणि तेवढ्यात फाइल सेव्ह करून उठायचं. पुढचे तीन तास हात बांधून बसायचं.

नेटबुकचं खरं मोल मला तिथं कळलं. सहा सेलची बॅटरी आणि अगदी कमी विजेवर चालणारा अ‍ॅटम प्रोसेसर. पडद्याचा उजेड उतरवला की पाच तास सहज निघायचे. गल्लीत सगळीकडे अंधार आणि माझं तिसरं प्रकरण चालू, असं कितीतरी रात्री झालं. अहमदपूर लातूर आणि नांदेडच्या मधोमध. कुठंही जायचं तर एसटीत दीड-दोन तास जाणार. त्या वेळातही मांडीवर मशीन ठेवून प्रुफं तपासून व्हायची. आजच्या महागड्या लॅपटॉपांची मी तारीफ ऐकतो, पण गरीब माणसाच्या कामाला इतकं वेळेवर आलेलं दुसरं मशीन मी पाहिलेलं नाही.

नेटबुकांची जात मुळातच स्वस्ताईसाठी जन्मली. 2007 मध्ये आसुसचं ईई पीसी आलं, तेव्हा त्याला सात इंची पडदा होता, 4 जीबी साठवण होती आणि आत लिनक्स होतं. पुढे हार्ड डिस्क आली, विंडोज एक्सपी आलं, मग विंडोज 7 स्टार्टर. स्टार्टर म्हणजे इतकी कापून-छाटून दिलेली आवृत्ती की पडद्यामागचं चित्रही बदलता यायचं नाही, आणि 2 जीबीच्या वर रॅम टाकली तरी ती वापरली जायची नाही. 2010 मध्ये तर एसरने विंडोज आणि अँड्रॉइड अशा दोन सिस्टिम घातलेली नेटबुकं बाजारात आणली होती. म्हणजे एका मशीनमध्ये दोन सिस्टिम ठेवणं हा काही माझ्या डोक्यातून निघालेला उद्योग नव्हता.

मी लिनक्स टाकलं ते गरजेपोटी. माझ्याकडे 1 जीबी रॅम. त्यात विंडोज, वर अँटिव्हायरस. फाइल उघडायला सांगितली की चहा करून यावं. शिवाय झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह फिरून आला की व्हायरस ठरलेला. लिनक्सच्या बाजूला हे दोन्ही त्रास नव्हते. मराठी लिहायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड तयारच होता. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यातला ऱ्य, ऱ्ह शिफ्ट-जे आणि हलन्त दाबला की नीट उमटायचा. पण विंडोज सोडताही येत नव्हतं. माझ्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्सवर काही केल्या बसला नाही. छापखान्याला युनिकोड चालायचं नाही, त्यांना जुन्या फॉन्टमध्येच मजकूर हवा असायचा, आणि ती सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवर. म्हणून 160 जीबीच्या डिस्कमध्ये दोन्हींचे वाटे केले. लिहायचं लिनक्समध्ये, छापायचं विंडोजमध्ये.

वर्षभर सुरळीत चाललं. मग एका उन्हाळ्यात विंडोज सुरू होईना. निळा पडदा यायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. लिनक्सची बाजू ठणठणीत होती, तिथलं काम चालूच होतं. तरी प्रिंट द्यायची घाई, म्हणून मशीन दुरुस्तीला टाकलं. दुरुस्त करणाऱ्या पोराला मी एवढंच म्हणालो, “विंडोज नवीन टाक, डी ड्राइव्हला हात लावू नको.” माझ्या डोक्यात होतं की आतलं बाकी सगळं त्याला दिसेलच.

त्याला काय दिसलं, ते मी नंतर स्वतः पाहिलं. विंडोज टाकताना डिस्कच्या वाट्यांची यादी येते. विंडोजच्या वाट्यांसमोर नावं असतात, पण लिनक्सच्या वाट्यासमोर नुसतं ‘पार्टिशन’ आणि आकडा. विंडोजला ती मांडणी वाचताच येत नाही, त्यामुळे आत काय आहे ते ते सांगू शकत नाही. साठ जीबी जागा बिननावाची पडलेली दिसली, तेव्हा त्या पोराने ती डिलीट करून सी ड्राइव्हला जोडली. वर माझं भलं केलं म्हणून सांगितलंही, “सर, सी मोठा करून दिलाय. ते बिननावाचं होतं की, काही नव्हतं त्यात.”

त्यात सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचा, म्हणजे मॅडमचा, प्रबंध होता. पाच प्रकरणं, दोनशेच्या वर पानं. उदगीर, जळकोट, कंधार भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गावोगाव फिरून वहीत उतरवल्या होत्या आणि त्यावर विवेचन केलं होतं. वह्या त्यांच्याकडे होत्या. विवेचन मात्र गाइडच्या दुरुस्त्यांसह माझ्या फाइलीत वाढत गेलेलं. त्या पोराला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही. आत दुसरी सिस्टिम आहे हे त्याला सांगायचं काम माझं होतं.

मला धीर होता तो पेनड्राइव्हचा. त्यात निदान चौथ्या प्रकरणाची कॉपी ठेवलेली होती. ती उघडली तर जुनीच निघाली. गाइडच्या लाल शाईच्या दुरुस्त्या मी स्वतः केल्या होत्या, त्यातली एकही नाही. हे कसं झालं ते उलगडायला मला दोन दिवस लागले, आणि ते नीट सांगणं जरूर आहे, कारण हा दोष आजच्या मशीनमध्येही आहे.

मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं. विंडोज समजतं की त्यात इथली वेळ आहे. लिनक्स समजतं की त्यात ग्रीनिचची वेळ आहे, आणि त्यात साडेपाच तास मिळवून ते आपल्याला दाखवतं. लिनक्स बंद होताना घड्याळ आपल्या हिशेबाने लावून ठेवतं, आणि मग विंडोज उघडलं की तिथं साडेपाच तास मागची वेळ दिसते. त्या दिवशी सकाळी अकराला मी लिनक्समध्ये प्रकरण सेव्ह केलं होतं. दुपारी एकला विंडोजमध्ये बसून दुरुस्त्या केल्या, त्या फाइलीवर वेळ पडली सकाळची साडेसात. संध्याकाळी कॉपी करताना मशीनने विचारलं, कोणती ठेवू? अकराची नवी वाटली, तीच ठेवली. दुरुस्त केलेली फाइल माझ्याच हाताने पुसली. लिनक्सला ‘घड्याळ इथल्या वेळेचं समज’ असं सांगणारी एक ओळीची आज्ञा असते. ती मला वर्षभर माहीत नव्हती. कोपऱ्यातली चुकलेली वेळ मात्र वर्षभर दिसत होती आणि मी ती चालवून घेतली होती.

त्यानंतर मी तिसरी चूक केली. मशीन तसंच वापरत राहिलो. डिलीट केलेलं पार्टिशन लगेच नाहीसं होत नाही. त्याची नोंद तेवढी जाते, मजकूर डिस्कवर तसाच असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. टेस्टडिस्क नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर अशी पुसलेली नोंद पुन्हा उभी करू शकतं. पण माझ्याकडे त्या जागेवर विंडोज पसरलं होतं, दोन दिवस मी त्यात ड्रायव्हर आणि फॉन्ट टाकत होतो. शेवटी फोटोरेक चालवलं. ते नोंदींकडे न बघता डिस्कचा कण न् कण तपासून फाइली उचलतं, पण नावं गेलेली असतात. सातशेच्या आसपास फाइली निघाल्या, प्रत्येकीला नुसता आकडा. एकेक उघडून पाहायला आठवडा गेला. पहिली दोन प्रकरणं सापडली, पाचव्याचे तुकडे सापडले. तिसरं-चौथं मॅडमनी पुन्हा लिहून काढलं, मी पुन्हा टाइप केलं. पैसे घेतले नाहीत. त्यांचं सबमिशन एक सत्र पुढे गेलं. त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं.

आता जे स्वस्तातलं मशीन घेऊन त्यात दोन सिस्टिम घालायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 लागतं. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकणारी पोरं आता वाढणार. टाकावंच, मी अडवत नाही. पण आधी फाइली कुठं राहणार ते ठरवा. दोन सिस्टिम असलेल्या डिस्कवर एकमेव प्रत कधीही ठेवू नये. माझी सवय आता अशी आहे: रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर कॉपी, तारखेच्या नावाचं नवं फोल्डर, जुन्यावर कधीच लिहायचं नाही. फाइलीच्या नावातच तारीख घालतो, मशीनच्या घड्याळावर सोडत नाही.

विंडोज आधीपासून असेल तर वाटे पाडताना सावध राहा. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चारच मुख्य वाटे होतात, आणि कंपनीने कित्येकदा ते चारही आधीच वापरलेले असतात. पाचवा करायला गेलं की विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करू का विचारतं. हो म्हणू नका, त्यावर लिनक्स टाकणं मग अवघड होऊन बसतं. नव्या मशीनमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सकडून सी ड्राइव्हवर काही लिहायला गेलं तर मजकूर खराब होऊ शकतो. विंडोज 11 च्या बऱ्याच मशीनमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, तेव्हा बिटलॉकरची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवल्याशिवाय काहीही हलवू नये. विंडोज नव्याने टाकल्यावर लिनक्स दिसेनासं झालं तर घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. बहुतेक वेळा आत सगळं जागच्या जागी असतं, सुरुवातीची पाटी तेवढी पुसलेली असते. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून ती परत लावता येते.

मशीन निवडताना साठवण बघा. 32 जीबी ईएमएमसीचे अकरा इंची स्वस्त लॅपटॉप 2016 च्या सुमाराला दहा-बारा हजारांत मिळू लागले आणि जुन्या बाजारात अजून फिरतात. त्यात विंडोजच्या अपडेटलाच जागा पुरत नाही, दोन सिस्टिमचं नावच नको. साठवण आणि रॅम बोर्डावर झाळलेली, बदलता येत नाही. त्यातल्या काहींना तर प्रोसेसर 64 बिटचा आणि सुरू करणारं फर्मवेअर 32 बिटचं, त्यामुळे नेहमीचं लिनक्स पेनड्राइव्हवरून उठतच नाही. त्यापेक्षा डिस्क बदलता येईल असा जुना, दणकट, वापरलेला लॅपटॉप घ्या आणि त्यात एसएसडी बसवा.

आणि काम बघून ठरवा. टॅली शिकायचं असेल, सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायची असेल, सेवा केंद्र चालवून अंगठ्याचं मशीन जोडायचं असेल, तर विंडोजच ठेवा, दुसरीच्या फंदात पडू नका. लिहिणं, वाचणं, शिकवण्या बघणं एवढंच काम असेल तर एकटं लिनक्स पुरतं. दोन्हीची खरी गरज असलेली माणसं थोडी आहेत. मी त्यातला होतो, तरीही आज सांगतो की प्रिंटसाठी दुसऱ्याच्या दुकानात गेलो असतो तर बरं झालं असतं.

दहा इंची पडद्याचा त्रास वेगळा. 600 ओळींच्या उंचीत कित्येक खिडक्यांचं ‘ओके’ बटण खाली कापलं जातं. लिनक्समध्ये ऑल्ट दाबून खिडकी वर ओढता येते, विंडोजमध्ये टॅब मोजत जाऊन एंटर मारायचा. डोळे दुखतात, बोटं जवळजवळ पडतात. सवय होते.

माझ्या नेटबुकमध्ये आता एसएसडी आहे, 2 जीबी रॅम आहे आणि एकच सिस्टिम आहे, लिनक्स. बॅटरी नवी घातली. झाकणाच्या आत पांढरी पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर पेनने लिहिलंय: ‘यात लिनक्स आहे. डिस्कला हात लावण्याआधी फोन करा.’ खाली माझा नंबर. अक्षरं फिकी पडली की पुन्हा गिरवतो. तुमच्या मशीनमध्ये दुसरी सिस्टिम असेल तर आजच अशी पट्टी लावा, आणि लावण्याआधी फाइली बाहेर काढून ठेवा.