थुंब्याची पहिली तुकडी
अल्पकाळाचे अवकाश-शिक्षण आणि त्यातून फुटलेल्या वाटा

१. एक रास्त प्रश्न

छत्तीसगढातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाई शहराच्या लगत हथखोज नावाचे ठिकाण आहे. अवजड उद्योगांच्या वसाहतीमुळे ते आज ओळखले जाते. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत असे, आणि मराठी बोलणारी कुटुंबे या भागात आजही आहेत. लोखंड कापणे, जोडणे, घासणे हा तेथील दिवसभराचा व्यवसाय. अशा ठिकाणच्या एखाद्या शाळेत अवकाशविज्ञानाच्या उन्हाळी वर्गाची सूचना फलकावर लागली, तर पालकांच्या मनात प्रथम कोणता प्रश्न येईल? ‘दोन आठवडे अग्निबाणांची माहिती ऐकून मुलाचे पुढे काय व्हायचे?’

हा प्रश्न रास्त आहे. त्यास हसून चालणार नाही. भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजेच इस्रो, २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ नावाचा निवासी उन्हाळी वर्ग घेऊ लागली. साथीच्या काळात त्यात खंड पडला व नंतर तो पुन्हा सुरू झाला. पंचायत क्षेत्रातील शाळांत शिकणाऱ्या मुलांना त्याच्या निवडीत विशेष गुण देण्यात आले आहेत. परंतु या वर्गांतून बाहेर पडलेली मुले अजून लहान आहेत. त्यांच्या आयुष्याचा हिशेब आजच मांडता येणार नाही. तेव्हा प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर ज्यांचा प्रवास पूर्णत्वास गेला आहे, अशांकडे पाहिले पाहिजे. आपल्या देशात असे एक उदाहरण आहे. ते म्हणजे थुंब्याची पहिली तुकडी.

२. थुंबाच का?

१९६२ मध्ये अणुशक्ती खात्याच्या आश्रयाने अवकाश संशोधनासाठी एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली. डॉ. विक्रम साराभाई तिचे अध्यक्ष होते. अग्निबाण सोडण्यासाठी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडण्यात आले. या निवडीचे कारण भूगोलात होते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंब्याजवळून जाते. या वृत्ताच्या वर सुमारे शंभर ते एकशेदहा किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक प्रबळ प्रवाह वाहतो. त्याचे मापन कसे करावयाचे? फुगा चाळीस किलोमीटरांच्या आसपास थांबतो आणि उपग्रह इतक्या कमी उंचीवर टिकून राहू शकत नाही. या मधल्या थरात जाऊन मोजमाप करणारे साधन एकच, आणि ते म्हणजे वेधक अग्निबाण.

ही जागा शोधण्यात डॉ. एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्म १९२५ मध्ये कोल्हापुरात झाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत विश्वकिरणांचे संशोधन केल्यानंतर, साराभाईंच्या बोलावण्यावरून ते १९६१ मध्ये स्वदेशी परतले होते.

जागा मिळाली. गावातील मेरी मॅग्डेलिनचे चर्च व बिशपांचे निवासस्थान ख्रिस्ती समाजाने विज्ञानासाठी मोकळे करून दिले. अग्निबाण अमेरिका देणार होती आणि त्याच्या टोकात बसवावयाचे उपकरण फ्रान्स देणार होते. न्यून होते ते एकच : अग्निबाण उडविण्याची विद्या हाताला असलेली माणसे.

३. परदेशी गेलेले विद्यार्थी

म्हणून काही तरुण अभियंत्यांना अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेकडे पाठविण्यात आले. त्यांत आर. अरवमुदन, बी. रामकृष्ण राव, एच. जी. एस. मूर्ती, डी. ईश्वरदास व ए. पी. जे. अब्दुल कलाम हे होते. पुण्यात जन्मलेले व बडोदे-अहमदाबाद येथे शिकलेले प्रमोद काळे यांनीही १९६३ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात काम केले. यांपैकी कोणीही अवकाशशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. त्या काळी आपल्याकडे तशी पदवीच नव्हती. अरवमुदन हे विद्युत-कणशास्त्राचे अभियंता असून तुर्भे येथे अणुभट्टीच्या नियंत्रणविभागात होते. कलाम विमानविद्येचे, तर काळे पदार्थविज्ञानाचे पदवीधर होते.

हे शिक्षण काही महिन्यांचेच होते. कलाम प्रथम लँग्ले, मग गोडार्ड आणि अखेरीस व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरील वॉलॉप्स बेट अशा तीन ठिकाणी राहिले. वॉलॉप्स येथील एका दालनात त्यांना टिपू सुलतानाच्या सैन्याचे अग्निबाण दाखविणारे चित्र लावलेले दिसले. आपल्या देशात विसर पडलेली गोष्ट परक्या देशात मानाने टांगलेली आहे, याची नोंद त्यांनी आत्मचरित्रात केली आहे.

हे विद्यार्थी तेथे काय शिकले? अग्निबाणाचे भाग जुळविणे, उड्डाणापूर्वी प्रत्येक जोड व प्रत्येक तार ठराविक क्रमाने तपासणे, रडारने अग्निबाणाचा माग घेणे, आणि दूरमापन. दूरमापन म्हणजे उपकरणांनी वर घेतलेली मापे बिनतारी संदेशांच्या रूपाने खाली आणून त्यांची नोंद करणे. अग्निबाण समुद्रात पडतो व पुन्हा हाती येत नाही. त्याने काय पाहिले, हे दूरमापन चुकले तर कधीच कळत नाही. म्हणून या विद्येत चुकीला दुसरी संधी नसते. हा धडा पुस्तकाने कळतो खरा, पण अंगवळणी पडतो तो हाताने काम केल्यानेच.

४. परीक्षेचा दिवस

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी या शिक्षणाची परीक्षा झाली. त्या दिवशी नायके-अपाचे जातीचा अग्निबाण थुंब्याहून सोडावयाचा होता. त्याची जुळणी चर्चच्या इमारतीत झाली. जुळलेला अग्निबाण उचलून बसविताना यारीच्या तेलदाबयंत्रात गळती सुरू झाली आणि तेवढे काम माणसांच्या बळावर पार पाडावे लागले. जुळणी व सुरक्षितता यांची जबाबदारी कलामांकडे होती, तर रडार व दूरमापन यांची अरवमुदनांकडे. उलटी गणना प्रमोद काळे यांनी केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

उड्डाण सायंकाळी झाले, यालाही कारण होते. अग्निबाणाने वर सोडियमची वाफ सोडली. जमिनीवर अंधार पडला होता. परंतु त्या उंचीवर सूर्यप्रकाश पोहोचत असल्यामुळे ती वाफ नारिंगी रंगाने उजळली. अशा ढगाची एकाच वेळी अनेक ठिकाणांहून छायाचित्रे घेतली म्हणजे तो कोणत्या दिशेने व किती वेगाने सरकतो हे मोजता येते. त्यावरून तेथील वाऱ्यांचे ज्ञान होते.

५. एका वर्गाच्या तीन वाटा

येथपर्यंत हे सहाध्यायी एकत्र होते. यापुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

अरवमुदन अवकाश संस्थेतच राहिले. पुढे ते श्रीहरिकोटा येथील प्रक्षेपण-केंद्राचे व त्यानंतर बंगळूर येथील उपग्रह-केंद्राचे संचालक झाले. श्रीहरिकोट्याची धुरा त्यांच्याकडे असताना, सप्टेंबर १९९३ मध्ये, ध्रुवीय उपग्रह-प्रक्षेपक पहिल्याच उड्डाणात अयशस्वी झाला. पुढील वर्षी तोच प्रक्षेपक यशस्वी ठरला व नंतर देशाचे भरवशाचे वाहन बनला.

कलामांकडे एसएलव्ही-३ या पहिल्या भारतीय उपग्रह-प्रक्षेपकाचा प्रकल्प आला. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील बिघाडाने, सुमारे पाच मिनिटांत, बंगालच्या उपसागरात कोसळला. संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांनी त्या दिवशी पत्रकारांपुढे अपयशाची जबाबदारी स्वतः घेतली. १८ जुलै १९८० रोजी यश आले तेव्हा मात्र त्यांनी कलामांनाच पुढे केले. ही आठवण कलाम पुढे आवर्जून सांगत. १९८२ मध्ये ते क्षेपणास्त्रांच्या कामाकडे वळले आणि २००२ ते २००७ या काळात भारताचे राष्ट्रपती होते.

काळे यांची वाट उपग्रहांकडे गेली. इन्सॅट-१ मालिकेच्या अवकाशखंडाचे ते प्रकल्पसंचालक होते. या मालिकेतील पहिला उपग्रह एप्रिल १९८२ मध्ये सोडला गेला व काही महिन्यांतच निकामी झाला. दुसरा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकी अवकाशयानातून नेण्यात आला. दूरध्वनी, दूरचित्रवाणी व हवामान यांसाठी त्याने देशाची मोठी सेवा केली. पुढे काळे अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे आणि तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झाले.

या तिन्ही वाटा ताडून पाहिल्या म्हणजे एक साम्य ध्यानात येते. तिघांच्याही मार्गात मोठे अपयश आले आणि तिघांनाही ते न लपविता तपासावे लागले. वॉलॉप्सला त्यांनी क्रमाक्रमाने तपासणी करण्याची जी सवय लावून घेतली, तिचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

६. आकाशातून दुर्गच्या खेड्यांत

हा सारा वृत्तान्त हथखोजपासून फार दूरचा आहे, असे वाचकांस वाटेल. तसे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून भारतातील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट दाखविण्यात आले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची ताटली खेड्यात उभारली जाई व संचाभोवती गाव गोळा होई. सहा राज्यांतील जे जिल्हे यासाठी निवडले होते, त्यांत रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे होते. या प्रयोगाच्या व्यवस्थापनाची मोठी जबाबदारी थुंब्याची जागा शोधणाऱ्या चिटणीसांवर होती. किनाऱ्यावरील चर्चमध्ये आरंभिलेले काम बारा वर्षांनी दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांत पोहोचले ते असे.

७. फलित

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अल्पकाळाच्या वर्गाने माणूस घडतो काय? थुंब्याचे उदाहरण सांगते की केवळ वर्गाने घडत नाही. ते शिक्षण फळास आले, कारण परतणाऱ्यांसाठी काम वाट पाहत होते. भिलाईचीच साक्ष काढावी : तेथील पोलाद कारखान्यासाठी अनेक भारतीय अभियंते सोव्हिएट देशात शिकून आले आणि १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू होताच त्या विद्येला क्षेत्र मिळाले. शिकलेल्याला काम नसेल तर विद्या गंजते. आणि काम असून शिकलेला नसेल तर काम परक्याच्या हाती राहते.

दुसरी गोष्ट अशी की अवकाशाची वाट केवळ शास्त्रज्ञांची नाही. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात प्रक्षेपकांच्या मोटारींची कवचे तयार झाली आहेत आणि मुंबईच्या गोदरेज कारखान्यात द्रव-इंधनाची इंजिने. तेथे जोडकाम करणाऱ्याचा एक सदोष सांधा साऱ्या उड्डाणाचा घात करू शकतो; त्याचा निर्दोष सांधा उड्डाण तारतो. लोखंडाच्या गावी वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा उन्हाळी वर्गास जाणाऱ्या मुलाला पालकांनी ‘नोकरी मिळेल काय?’ असे विचारण्यापूर्वी ‘तेथे स्वतःच्या हाताने काय केलेस? काय चुकले? ते कसे शोधून काढलेस?’ असे विचारावे. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याचे दोन आठवडे वाया गेले नाहीत. मग तो पुढे श्रीहरिकोट्यास जावो अथवा आपल्याच गावच्या कारखान्यात काम करो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. विषुववृत्तीय विद्युत्प्रवाहाच्या मापनासाठी फुगा व उपग्रह हे दोन्ही का अपुरे पडतात?
२. सोडियमच्या वाफेचा प्रयोग भर दुपारी केला असता तर काय अडचण आली असती?
३. दूरमापन बंद पडलेला अग्निबाण ठरल्या उंचीवर पोहोचला, तर त्या उड्डाणास यशस्वी म्हणावे काय? कारणे द्या.
४. आपल्या गावातील कोणती कारागिरी अवकाशसाधनांच्या निर्मितीस उपयोगी पडेल? एका कारागिराला भेटून, तो आपल्या कामातील चूक कशी तपासतो, हे विचारा व लिहून काढा.